वहिनीचा पहिला पंप

माझ्या वहिनीला पंपातलं सगळं कळतं, फक्त पंप ओळखता येत नाही, असं मी चारचौघांत म्हणायचे तेव्हा ती डोळे वटारायची. पण हे खोटं आहे असं ती कधी म्हणाली नाही. कसं म्हणणार? ते खोटं नव्हतंच.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, घरगुती विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचा. गावाच्या कडेच्या वस्त्यांत अजून नळ पोचलेला नाही. तिथे घरटी एक विहीर, प्रत्येक विहिरीला एक पंप, आणि पंप म्हटला की तो आज ना उद्या रुसणारच. दादा सकाळी आठला पिशवी घेऊन बाहेर पडायचा तो दिवेलागणीला परतायचा. दिवसभर घरात फोन वाजायचा आणि तो घ्यायला असायची वहिनी. तशी मीही घरात असायचे, पण शिवणाच्या मशीनवर. शिवाय मला लोकांशी गोड बोलता येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही.

सुरुवातीला वहिनी फक्त नाव आणि पत्ता लिहून घ्यायची. दादा घरी येऊन विचारायचा, "काय झालंय त्यांच्या पंपाला?" वहिनी म्हणायची, "मला काय माहीत?" दादा चिडायचा. दादाला चिडायला कारण लागत नाही, पण या बाबतीत त्याचं बरोबर होतं. 'पाणी येत नाही' एवढ्यावर माणूस पिशवीत कुठला पार्ट टाकणार? मग त्याने तिला दोन प्रश्न शिकवले. मोटर फिरते का, आणि पंपात ओतलेलं पाणी टिकतं की उतरतं. मोटर नुसती गुणगुणत असेल तर तिला सुरुवातीचा धक्का देणारा कंडेन्सर गेला. ओतलेलं पाणी उतरत असेल तर विहिरीतल्या पाइपाच्या तळाचा व्हॉल्व्ह गळतोय. दादाने शिकवलं ते एवढंच. त्या दोन प्रश्नांचे वहिनीने पुढे दोनशे केले, आणि ते तिचे तिने केले.

तिला फोनवर बोलताना ऐकावं. कुणीतरी रडकुंडीला येऊन सांगत असायचं की पाणी थुंकल्यासारखं येतंय. वहिनी मटार सोलत सोलत विचारायची, "कालपासून? बरं. परवा पंपाजवळ कोण गेलं होतं? भिंत रंगवायला? जावई? मग रंगवताना त्यांनी पाइप बाजूला सरकवला असणार. विहिरीकडून येणारा पाइप जिथे पंपाला जोडलाय ना, तिथे ओलं फडकं घट्ट गुंडाळा आणि बघा. आलं पाणी? म्हणजे तिथून हवा शिरतेय. संध्याकाळी हे येऊन जोड घट्ट करून देतील. आणि जावयांना काही बोलू नका हं, बिचाऱ्यांनी भिंत तर रंगवली."

पंपाचं बोलणं पाच मिनिटांचं असायचं आणि मग पंधरा मिनिटं गुडघे, सुना, मांजरं आणि मुलांच्या परीक्षा. कुणाच्या घरी बाळ झालंय, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे सगळं वहिनीला ठाऊक. दादा म्हणायचा, "हा फोन धंद्याचा आहे की मैत्रिणींचा?" वहिनी त्याच्याकडे लक्ष द्यायची नाही.

पण पाणी खेचणारा, जागेवर बसलेला पंप तिने आयुष्यात पाहिला नव्हता. आमचं घर गावाच्या मध्यावर, तिथे नळ आहे. दादाचं वर्कशॉप बसथांब्याच्या मागे. तिथे ती डबा द्यायला गेली असेल तेव्हा तिला दिसले ते टेबलावर पोट फाडून ठेवलेले पंप. आणि घरात पंप आणायला तिचीच बंदी होती. ग्रीसचा एक डाग फरशीवर दिसला तर ती घर डोक्यावर घ्यायची. मी तिला कितीदा म्हटलं, "वहिनी, एकदा दादाबरोबर जाऊन बघून तरी ये." ती म्हणायची, "मी गेले तर फोन कोण घेईल, वन्सं? तुम्ही?" मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मी तिला अगं-तुगं करते आणि ती मला अहो-जाहो. लग्न होऊन आली तेव्हा मान म्हणून म्हणाली असेल. हल्ली ती ते टोचायला वापरते असा माझा दाट संशय आहे.

मग दादा पडला. विहिरीत नाही, शिडीवरून नाही, आमच्याच बाथरूमच्या दारात. जन्मभर ओल्या कठड्यांवर उभा राहिलेला माणूस घरातल्या फरशीवर घसरला याचा राग त्याला हाड मोडल्याच्या रागापेक्षा जास्त होता. खुब्याचं ऑपरेशन झालं. चालायला लागाल, पण वाकायचं नाही आणि वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. वाकायचं नाही म्हणजे पंपाचं काम संपलं. ते ऐकल्यापासून दादा भिंतीकडे तोंड करून झोपला तो झोपलाच. ताट समोर ठेवलं की दोन घास, विचारलं की 'हं', नाही विचारलं तर तेही नाही.

तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "आपला नंबर त्या नव्या मेकॅनिकला देऊन टाकतो. रविवारी बोलावलंय त्याला. लोकांनी आपल्यासाठी का ताटकळायचं?"

नवा मेकॅनिक म्हणजे पस्तिशीचा एक तुरतुरीत माणूस, मोटारसायकलवरून फिरणारा. त्याने अगदी अदबीने नंबर मागितला होता. गिऱ्हाइकांना फोन लावायची सवय झालेली, तोच नंबर त्यांनी फिरवला आणि पलीकडे तो असला तर सगळ्यांचीच सोय. बोलण्यात चूक काही नव्हती, म्हणूनच मला जास्त राग आला.

"वहिनीला विचारलंस?" मी म्हटलं.

"तिला काय विचारायचं? ती फोन घ्यायची. कामं मी करायचो."

वहिनी दारातच उभी होती. ती स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. मी मागोमाग गेले. माझ्याकडे पाठ ठेवून ती म्हणाली, "रविवारनंतर माझ्याशी कोण बोलणार हो, वन्सं?"

"मी आहे की."

"तुम्ही बोलत नाही. तुम्ही टोमणे मारता."

 ही बाई इतकी वर्षं सबंध गावाच्या कडेने राहणाऱ्या बायकांशी बोलत होती, आणि तिला कुणी काम म्हणत नव्हतं, मीसुद्धा नाही. मला स्वतःची लाज वाटली. मी फडकं घेतलं आणि तिने पुन्हा धुतलेली भांडी पुसत बसले.

गुरुवारी मोठ्या बाईंचा फोन आला. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. टेकडीच्या उतारावर एकट्या राहतात. सबंध गाव त्यांना याच नावाने हाक मारतं, कारण अर्ध्या गावाने त्यांच्या हातची छडी खाल्लेली. वहिनीची आणि त्यांची ओळख वीस वर्षांची, पण ती निव्वळ आवाजाची. दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

चार दिवस टाकीत पाण्याचा थेंब चढला नव्हता. बाईंनी बोलावल्यावर नवा मेकॅनिक येऊन गेला. मोटर धडधडीत चालू, पण पाणी चढेना. बंद करून पाणी ओतून पाहिलं, तर ते टिकत होतं. म्हणजे पंप आतून झिजलाय, नवा बसवा, असं सांगून तो गेला. बाईंचं म्हणणं एकच होतं: "तुम्ही सांगितल्याशिवाय मी बदलणार नाही. तुम्ही सांगा."

वहिनीने दोनशेच्या दोनशे प्रश्न विचारले. मोटर फिरते? फिरते. गरम होते? नाही. विहिरीला पाणी? भरपूर. पाइप कुणी हलवला? नाही. सगळी उत्तरं चोख, शाळेतल्यासारखी. आणि कुठे घोडं पेंड खातंय ते वहिनीला कळेना. तिने फोन ठेवला आणि बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. मग म्हणाली, "वन्सं, चप्पल घाला. आपण जातोय."

"कुठे?"

"पंप बघायला."

दादाची पिशवी मी खांद्याला लावली तेव्हा त्याने पहिल्यांदा भिंतीवरची नजर काढली. "पिशवी कशाला?"

"लागली तर," वहिनी म्हणाली.

"पंपाचं काम म्हणजे खुर्चीत बसून गप्पा मारणं नव्हे." एवढं बोलून तो पुन्हा भिंतीकडे वळला. आजारी माणूस म्हणून मी गप्प बसले, नाहीतर त्या दिवशी आमच्यात चांगलीच जुंपली असती.

बसमधून उतरून चढ चढेपर्यंत आम्हा दोघींना धाप लागली. फाटकात एक बुटकी, गोलमटोल, चष्मेवाली बाई उभी होती. वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. तिच्या मनातल्या मोठ्या बाई उंच आणि काटकुळ्या होत्या, हे तिने मला कितीदा सांगितलं होतं. बाईंनीही वहिनीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुम्ही? मला वाटलं, तुम्ही चांगल्या धिप्पाड असाल." मग दोघी इतक्या अवघडल्या, की फोनवर तासतास बोलणाऱ्या त्या बायकांना समोरासमोर हवापाण्यापलीकडे एक विषय सापडेना. पाणी हा तर दुःखाचाच विषय होता.

घराच्या मागे विहीर, विहिरीला लागून कंबरभर उंचीची पत्र्याची टपरी, आणि टपरीत पंप. निळा रंग उडालेला, उशीएवढा. बाईंनी बटण आधीच चालू करून ठेवलं होतं. मोटर घुमत होती. वहिनी वाकली, सरळ झाली, पुन्हा वाकली. तिच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेला ते मी बघत होते.

तिने मला बाजूला ओढलं. "वन्सं, यातलं काय काय आहे हो?"

"म्हणजे?"

"पाणी ओततात ते तोंड कुठलं? कंडेन्सर कुठे असतो? विहिरीकडचा पाइप कुठला आणि टाकीकडचा कुठला? माझ्या डोक्यात हे सगळं उभं होतं. हा तर आडवा आहे."

एरवी मी हसून लोळले असते. पण तिने माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. तीन दिवसांवर रविवार होता आणि दादाने निघताना सुनावलेलं वाक्य माझ्याही कानात होतं. मला पंपातलं ओ की ठो कळत नाही. मी नुसतीच पिशवी धरून उभी राहिले. मोठ्या बाई आमच्याकडे आशेने बघत होत्या.

वहिनीने तोंडावरून हात फिरवला. मग बाईंना म्हणाली, "तुम्ही इथेच थांबा. पंप बंद करा आणि मोबाइल हातात ठेवा." आणि सरळ बाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन, खिडकीकडे पाठ करून, स्टुलावर बसली. तिने फोन लावला आणि डोळे मिटले.

"हॅलो, बाई? बोला, काय होतंय पंपाला?"

बाहेर वीस पावलांवर उभ्या असलेल्या बाईंनी दोन क्षण खिडकीकडे बघितलं असेल. पण बाई शहाण्या. त्यांनीही पाठ फिरवली आणि म्हणाल्या, "अहो, चार दिवस झाले बघा, टाकीत थेंब नाही." त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. वहिनीही स्टुलावर जरा सैल बसली. मी ओट्याला टेकून हे बघत होते. वेड लागलंय या दोघींना, असं आधी मनात आलं आणि मग मी खांद्यावरची पिशवी आवाज न करता खाली ठेवली.

"आता सुरू करा," वहिनी म्हणाली. "फोन पंपाजवळ धरा."

फोनमधून बारीक गुणगुण ऐकू आली. मग एक खट् असा आवाज. मग मोटर घुमायला लागली.

"बंद करा. पूर्ण थांबू द्या. पुन्हा सुरू करा."

गुणगुण. खट्. घुमणं.

वहिनीच्या कपाळावर आठी पडली. "बाई, मध्ये ते खट् कशाचं वाजतं?"

पलीकडून उत्तर आलं नाही. मला राहवेना, मी वहिनीला खूण केली, विचार ना, पुन्हा विचार. तिने नुसता तळहात दाखवून मला थांबवलं. ती काहीच बोलली नाही. बाहेर एक कावळा ओरडून गेला. ओट्यावरच्या घड्याळाचा काटा मला ऐकू येत होता.

"उलथनं," शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या.

"उलथनं?"

"लाकडी आहे. मागच्या जाळीतून दांडा घालून पंख्याला ढकलते. मग ती फिरायला लागते."

"कधीपासून?"

"तुमचे मालक पडले ना, त्या आठवड्यापासून. नुसतीच गुणगुणायला लागली होती. तुम्ही मागे एकदा सांगितलं होतं की असं झालं म्हणजे कंडेन्सर. पण तुमच्या घरात एवढं मोठं दुखणं आलेलं, मी कुठल्या तोंडाने फोन करणार? आणि पंख्याजवळ काहीही न्यायचं नाही असंही तुम्हीच बजावलं होतं. सूचना पाळा, सूचना पाळा म्हणून मी जन्मभर मुलांच्या मागे लागले. आता या वयात…"

"नव्या मेकॅनिकना सांगितलं होतं?"

"छे. ते यायच्या आधीच मी सुरू करून ठेवली. परक्या माणसासमोर उलथनं कसं काढायचं?"

आज आम्ही यायच्या आधीही पंप चालू का होता, ते आता मला समजलं.

वहिनी रागावली नाही. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते. "पण बाई, तीन महिने उलथन्याने सुरू करूनही पाणी येत होतं ना?"

"भरभरून."

"मग या आठवड्यात काय बदललं?"

"काहीच नाही हो."

"उलथनं तेच?"

"तेच."

"हात?"

पुन्हा शांतता, पण या वेळी थोडी. "हात… डावा. रविवारी माझं उजवं मनगट लचकलं. आता दुसऱ्या बाजूला उभं राहून डाव्याने ढकलते."

वहिनी स्टुलावरून उठली. इतक्या वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. "अहो, मग ती उलटी फिरतेय. कंडेन्सर नसला की मोटरीला दिशा ठाऊक नसते. ढकलाल तिकडे जाते. आवाज जवळजवळ तोच, पण उलट फिरून पाणी टाकीपर्यंत चढत नाही. तुमचा पंप धडधाकट आहे, बाई."

मग ती फोन कानाला लावूनच बाहेर गेली. बाईंनीही कानाचा फोन काढला नाही. दोन हातांच्या अंतरावर उभ्या राहून त्या दोघी एकमेकींशी फोनवर बोलत होत्या, आणि त्यात काही वावगं आहे हे दोघींच्या गावी नव्हतं.

"मेन स्विच बंद करा. केलात? मोटरीच्या डोक्यावर दोन स्क्रूंची डबी दिसते का?"

"दिसते."

"हो, मलाही दिसते," वहिनी म्हणाली.

स्क्रू मी काढले. शिवणकामाने बोटांना तेवढी सवय असते. आत नळकांडं होतं, एका बाजूने फुगलेलं. वहिनीने ते बोटाने दाखवलं आणि हळूच म्हणाली, "हाच तो." लाकडी मुठीच्या पेचकसाने तिने त्याची दोन टोकं एकमेकांना टेकवली, आत वीज साठलेली असते म्हणून. हेही तिने आजवर शेकडो जणांना बजावलं असेल, केलं नव्हतं कधी. दादाच्या पिशवीत त्याच आकड्याचा कंडेन्सर होता. आकडा तिला पाठ होता. दोन वायरी जोडल्या, डबी बंद केली.

"बाई, आता नुसतं बटण दाबा. उलथनं खाली ठेवा."

मोटर एका दमात सुटली. मिनिटाभराने गच्चीवरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. वहिनी मात्र वर बघत नव्हती. ती खाली बसली होती आणि तिने पंपावर तळहात ठेवला होता, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"किती छोटा असतो हो हा," ती म्हणाली.

चहा झाला, बिस्किटं झाली. दोघींना आता बोलायला विषय पुरेनात आणि आमची एक बस चुकली. दुसऱ्या बसमध्ये वहिनी खिडकीशी बसली. "गिरणीवाल्यांचा बघायला हवा. त्यांचा सारखा हवा घेतो. आणि डॉक्टरांच्या आईंचा, तो जुना आहे म्हणतात, लोखंडी." मी म्हटलं, "एका पंपाने तुझं डोकं फिरलंय." ती म्हणाली, "फिरू दे, सरळच फिरतंय." मी मुकाट्याने तिकीट चुरगाळत बसले, कारण या वेळी टोमणा तिने मारला होता आणि तो चांगला होता.

घरी दादाने विचारलं नाही. अर्धा तास कळ काढली आणि मग भिंतीला म्हणाला, "काय निघालं?"

"कंडेन्सर," वहिनी म्हणाली.

"शक्य नाही. कंडेन्सर गेला तर मोटर फिरणारच नाही. पाणी न चढण्याशी त्याचा काय संबंध?"

वहिनीने उलथनं सांगितलं, डावा हात सांगितला. दादा हळूहळू कुशीवर वळला, मग म्हणाला, "पाठीला उशी दे." तो बसला आणि तिच्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "हं." एवढंच. पण त्या रात्री तो ताटातलं सगळं जेवला.

रविवारी नवा मेकॅनिक आला, हेल्मेट मांडीवर घेऊन अदबीने बसला. मोठ्या बाईंची हकिगत त्याच्या कानावर आलेली होती. तो आल्याआल्या म्हणाला, "माझं चुकलं, काका. बंद करून पुन्हा सुरू करायला लावायला हवं होतं."

"मला काय सांगतोस?" दादा म्हणाला. "आणि नंबराचं म्हणशील तर तोही मला विचारू नकोस. हिला विचार."

 वहिनी हात पुसत पुढे आली. तिने सगळं आधीच ठरवलेलं असावं, कारण ती अडखळली नाही. "नंबर इथेच राहील. फोन आम्ही घेऊ, काय बिघडलंय ते आम्ही विचारू आणि घरी तुम्ही जायचं. पण पहिले काही महिने मी तुमच्याबरोबर येणार. मला पंप बघायचेत."

"मोटारसायकलवर?" मी विचारलं.

"बसने," ती म्हणाली. "हे पुढे जातील."

मेकॅनिकने थोडा विचार केला, मग मान हलवली. त्याला पटलं होतं, की त्याला मोठ्या बाईंची भीती होती, देव जाणे. चहा घेऊन तो गेला. मोटारसायकलचा आवाज वळणापलीकडे विरला.

"आणि मी?" दादा म्हणाला.

जन्मात दादाने कुणाला असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. चौसष्ट वर्षांचा माझा भाऊ वॉकरच्या दांडीवर दोन्ही हात ठेवून बायकोकडे बघत होता, आणि मला त्याची इतकी माया आली की मी उगाच पडदे सारखे करायला उठले.

"तुम्ही फोनवर बसायचं," वहिनी म्हणाली.

"मला नाही जमायचं. बायका काही नीट सांगत नाहीत. मी चिडेन."

"जमेल. विचारायचं आणि गप्प राहायचं. त्या गप्प झाल्या की तुम्हीही गप्पच राहायचं, घाई करायची नाही. खरं काय ते त्यानंतरच सांगतात."

दादा काही बोलला नाही. वहिनीही बोलली नाही. ती त्याच्यासमोर खुर्चीत बसून राहिली, हात मांडीवर ठेवून. मी पडद्याशी उभी होते आणि माझ्या जिभेवर चांगली तीन वाक्यं आली होती, ती मी गिळली.

बऱ्याच वेळाने दादाने वॉकरच्या रबरी मुठीवर अंगठा घासला. "लोक म्हणायचे, पंप उघडायच्या आधीच याला कळतं काय बिघडलंय," तो म्हणाला. "तू सांगितलेलं असायचं म्हणून कळायचं. मी त्यांना कधी बोललो नाही."